पन्नास खोकी आणि एक नकार

१९७४ साली न्यूयॉर्कच्या पँथिऑन ह्या प्रकाशनसंस्थेने ‘द चॉकलेट वॉर’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. लेखक रॉबर्ट कॉर्मिअर हे त्या वेळी एकोणपन्नास वर्षांचे होते. मॅसॅच्युसेट्स राज्यातील एका लहान शहराच्या दैनिकात नोकरी करणारे, कुटुंबवत्सल, कॅथलिक गृहस्थ. कादंबरीचा विषय वरवर पाहता हसण्यावारी नेण्याजोगा होता. मुलांची एक कॅथलिक शाळा, शाळेच्या मदतीसाठी काढलेली चॉकलेटची विक्री आणि ती खोकी विकण्यास नकार देणारा नववीतला एक विद्यार्थी. एवढ्याशा कथानकावरून अमेरिकेतील पालक, शिक्षक आणि ग्रंथपाल ह्यांच्यात जो वाद पेटला, तो पुढे कित्येक दशके शमला नाही. ह्या पुस्तकाची निर्मिती आणि त्याचे पुढील भवितव्य हा इतिहासाचा विषय आहे, आणि आमच्या मते तो आपल्या वाचकांच्या जवळचा आहे. कारण धर्मग्रामाची शाळा, तिचा रिकामा खजिना आणि तो भरण्यासाठी हाती येतील ती साधने ह्यांच्याशी आपला परिचय जुना आहे.

प्रथम लेखकाच्या गावाकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅनडातील क्विबेक प्रांतातून हजारो फ्रेंचभाषक कॅथलिक कुटुंबे न्यू इंग्लंडच्या गिरण्यांत आणि कारखान्यांत कामाला आली. त्यांनी सोबत आपली भाषा आणली, आपले धर्मगुरू आणले, आणि जेथे वस्ती केली तेथे चर्चच्या शेजारी शाळा उभारली. लिओमिन्स्टर हे असेच एक शहर. कंगवे बनविण्याच्या धंद्यासाठी ते प्रसिद्ध होते, पुढे तेथेच प्लॅस्टिकचा उद्योग फोफावला. शहराच्या ‘फ्रेंच हिल’ नावाच्या भागात १९२५ साली कॉर्मिअर जन्मले. वडील कंगव्यांच्या कारखान्यात कामगार. मुलाचे प्राथमिक शिक्षण सेंट सिसिलिया ह्या धर्मग्रामाच्या शाळेत धर्मभगिनींच्या हाताखाली झाले. पुढे महाविद्यालयात असताना त्यांच्या एका प्राध्यापिकेने त्यांची एक कथा त्यांना न सांगताच ‘द साइन’ ह्या कॅथलिक मासिकाकडे पाठवून दिली. १९४४ साली ती छापून आली आणि तिचे पंचाहत्तर डॉलर मानधन मिळाले. आपल्यासारख्या नियतकालिकांत लिहिणाऱ्या होतकरू मंडळींना ही हकीकत सुखावणारी वाटेल. त्यांच्या पहिल्या कादंबरीचे नावही ‘नमो मरिया’ ह्या प्रार्थनेच्या अखेरच्या शब्दांवरून घेतलेले होते. ती १९६० साली आली. कर्करोगाने मृत्यूच्या दारी पोहोचलेल्या एका वृद्ध कामगाराची ती कथा होती आणि तिच्यामागे वडिलांच्या निधनाचे दुःख होते. सारांश, ‘द चॉकलेट वॉर’ लिहिणारा लेखक बाहेरून दगड मारणारा नव्हता. तो घरातलाच होता.

मूळ प्रसंग अगदी साधा घडला. कॉर्मिअर ह्यांचा मुलगा ज्या कॅथलिक विद्यालयात शिकत होता तेथे दरवर्षीप्रमाणे चॉकलेटची विक्री निघाली. आपण लहानपणी शाळेसाठी असे पुष्कळ काही विकले, आता मुलाने विकावे की न विकावे हे त्यानेच ठरवावे, असे वडिलांनी त्याला सांगितले. मुलाने न विकण्याचे ठरविले. दुसऱ्या दिवशी तो खोकी आणि वडिलांची चिठ्ठी घेऊन शाळेत गेला, आणि पुढे काहीच झाले नाही. मुख्याध्यापकांनी त्याचा निर्णय मान्य केला. मुलगा घरी आला तो नेहमीसारखाच. परंतु वडिलांच्या मनात मात्र एक प्रश्न घर करून राहिला. मुख्याध्यापक तसे नसते तर? सोबतची मुले तशी नसती तर? सर्वांना हो म्हणणाऱ्या वर्गात आपण एका कोवळ्या मुलाला एकटे उभे केले नाही ना? ह्या ‘तर’मधून कादंबरी जन्मली. एका निरुपद्रवी घटनेतून इतके काळोखे पुस्तक निघावे ह्याचे काही समीक्षकांना नवल वाटते. आम्हांला वाटत नाही. बापाच्या काळजीला पुरावा लागत नाही.

कथेतल्या शाळेला पैशांची चणचण का पडावी हे समजून घेण्यासाठी थोडा मागचा इतिहास पाहणे अगत्याचे आहे. १८८४ साली बाल्टिमोर येथे भरलेल्या अमेरिकेच्या तिसऱ्या राष्ट्रीय धर्मपरिषदेने प्रत्येक चर्चजवळ शाळा असावी असा आदेश दिला. सरकारी साहाय्यावाचून ही प्रचंड शिक्षणव्यवस्था जवळजवळ ऐंशी वर्षे चालली, ती व्रतस्थ बंधू आणि धर्मभगिनी नाममात्र वेतनावर शिकवीत होते म्हणून. १९६० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील कॅथलिक शाळांत पन्नास लाखांहून अधिक मुले शिकत होती. नंतर उतार लागला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या (१९६२–६५) वर्षांत पुष्कळांनी व्रतस्थ जीवन सोडले, नवे येणारे कमी झाले, आणि रिकाम्या जागी प्रापंचिक शिक्षक नेमावे लागले. त्यांना संसार होते, त्यांना रीतसर पगार देणे भाग होते. काही राज्यांनी त्या पगाराचा भार अंशतः उचलण्याचा प्रयत्न केला, तर १९७१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने असे साहाय्य घटनाबाह्य ठरविले. आपल्याकडे अनुदानित शाळांच्या शिक्षकांचे वेतन शासन देते. ती सोय तेथे नव्हती आणि नाही. मग उरले काय? वाढीव फी, पालकांच्या देणग्या, जत्रा आणि चॉकलेट. ह्या निकालानंतर अवघ्या तीन वर्षांनी कादंबरी आली. तेव्हा तिच्यातील ब्रदर लिऑन ह्यांची तगमग कादंबरीकाराने हवेतून आणलेली नाही. शाळा चालवणे म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ती ओळखीची वाटेल. आपल्या शाळांतही मुलांच्या हाती लॉटरीच्या तिकिटांची पुस्तके देऊन त्यांना शेजारीपाजारी पिटाळले जाते, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात कोणाची किती खपली ह्याची विचारणाही होते. ती विचारणा कोणत्या सुरात होते, एवढाच प्रश्न आहे.

आता कथा. ट्रिनिटी ह्या शाळेचे मुख्याध्यापक आजारी आहेत आणि त्यांच्या जागी ब्रदर लिऑन कारभार पाहत आहेत. मातृदिनानंतर उरलेली चॉकलेटची वीस हजार खोकी त्यांनी स्वस्तात एकदम उचलली आहेत. आदल्या वर्षीच्या दुप्पट खोकी, आणि खोक्याची किंमतही दुप्पट, म्हणजे दोन डॉलर. शाळेत विद्यार्थी चारशे. तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला पन्नास खोकी येतात. विक्री स्वेच्छेने करावयाची आहे असे जाहीर होते. विक्री यशस्वी झालीच पाहिजे म्हणून लिऑन एका अशा शक्तीची मदत मागतात जिचे नाव शाळेत कोणी उघडपणे घेत नाही. विद्यार्थ्यांची ‘व्हिजिल्स’ नावाची ती गुप्त संघटना आहे. तिचा खरा मेंदू आर्ची कॉस्टेलो. तो स्वतः कधी कोणावर हात उगारत नाही. तो केवळ इतरांना कामगिऱ्या नेमून देतो, आणि त्या अशा की ज्याला नेमल्या त्याची झोप उडावी. संघटनेने त्याच्यावर एकच अंकुश ठेवला आहे. प्रत्येक कामगिरीनंतर त्याला एका काळ्या पेटीतून गोटी काढावी लागते. सहा गोट्यांपैकी एक काळी. ती निघाली तर ती कामगिरी त्याने स्वतः करावयाची. त्याच्या हाती नेहमी पांढरी येते.

जेरी रेनॉ हा नववीतला मुलगा. त्याची आई कर्करोगाने नुकतीच गेली आहे. वडील औषधांच्या दुकानात कामाला. दुःखाने इतके मिटून गेलेले की कसेही विचारा, सगळे ठीक आहे असेच म्हणणार. जेरीला आर्चीकडून कामगिरी मिळते ती अशी: दहा दिवस चॉकलेट विकण्यास नकार द्यावयाचा आणि अकराव्या दिवशी होकार. रोज सकाळी लिऑन हजेरीसारखी नावे पुकारतात, मुले आपापला आकडा सांगतात, आणि जेरीच्या नावापाशी वर्ग श्वास रोखून थांबतो. दहा दिवस पार पडतात. अकराव्या दिवशी जेरीचे नाव पुकारले जाते आणि त्याचे उत्तर तेच येते.

ह्या अकराव्या दिवसासाठीच ही कादंबरी वाचावी असे आम्ही म्हणू. पहिल्या दहा दिवसांचा नकार हा खरे तर आज्ञापालनाचा प्रकार होता. तो आर्चीचा नकार होता, जेरीच्या तोंडून आलेला. अकराव्या दिवसाचा नकार त्याचा स्वतःचा. आणि गंमत अशी की तो त्याने का दिला हे त्याला सांगता येत नाही. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तो स्वतःलाच विचारतो आणि उत्तर सापडत नाही. त्याच्या शाळेतील कपाटात एक चित्र लावलेले आहे: विस्तीर्ण समुद्रकिनारा, त्यावरून एकटाच चालणारा लहानसा माणूस, आणि खाली एलियटच्या कवितेतील, विश्वाची घडी विस्कटण्याच्या धैर्याविषयीची एक ओळ. त्या ओळीचा अर्थ जेरीला नीट कळलेला नव्हता. तरी चित्र त्याने लावले होते. दुसऱ्या बाजूला लिऑन ह्यांच्याजवळ कारणांचा तुटवडा नाही. शाळेचे हित, शाळेची परंपरा, शाळेची एकजूट. ज्याच्याजवळ सर्व कारणे आहेत तो चुकतो आहे, आणि ज्याच्याजवळ एकही नाही तो बरोबर आहे. उपदेशाच्या पुस्तकांत असे सहसा घडत नाही.

येथे आपल्या भाषेचा थोडा विचार करू. मराठीत ‘ध्यास’ हा शब्द कौतुकाचा आहे. ध्यास घेतल्यावाचून मोठे कार्य होत नाही असे आपण मुलांना शिकवितो. ‘निग्रह’ही चांगला. ‘हट्ट’ लहान मुलाचा असला तर गोड, मोठ्याचा असला तर नाही. आणि ‘हेका’ कोणाचाच चांगला नाही. पण ह्या शब्दांमधली कुंपणे कोठे घालावीत? इंग्रजीत झपाटलेपणासाठी जो शब्द आहे त्याचे मूळ लॅटिन ‘ऑब्सिदेरे’ ह्या क्रियापदात आहे. त्याचा अर्थ शहराला वेढा घालून बसणे. ख्रिस्तसभेच्या जुन्या परिभाषेत दुष्टात्मा माणसाच्या आत शिरणे वेगळे आणि बाहेरून त्याला वेढणे वेगळे. ह्या दुसऱ्या प्रकाराला तो शब्द वापरीत. लिऑन ह्यांना हे वर्णन तंतोतंत लागू पडते. वीस हजार खोक्यांनी त्यांना वेढले आहे. त्यांना वर्गात मुले दिसत नाहीत, आकडे दिसतात.

संत थॉमस अक्वायनस ह्यांनी ‘सुम्मा’मध्ये चिकाटीच्या सद्गुणाची चर्चा करताना तिच्या दोहो बाजूंना दोन दोष ठेवले आहेत: एकीकडे कष्ट दिसताच ढिला पडणारा मऊपणा, दुसरीकडे मर्यादा ओलांडूनही न सोडणारा हेकटपणा. सेमिनरीत हे पाठ करताना त्यात फारसा रस वाटत नसे. पण दुसऱ्या एका ठिकाणी ते जे सांगतात ते अधिक मार्मिक आहे: पोकळ कीर्तीच्या हव्यासाची जी अपत्ये त्यांनी मोजली आहेत, त्यांत हा हेकटपणाही आहे. म्हणजे कसोटी नुसत्या ताकदीची नव्हे. किती घट्ट धरले ह्यापेक्षा कोणासमोर धरले, कोणाला दाखविण्यासाठी धरले, हे पाहावयाचे. ह्या कसोटीवर लिऑन आणि आर्ची दोघेही एकाच माळेचे मणी ठरतात. एकाला वरिष्ठांसमोर हरायचे नाही, दुसऱ्याला मित्रांसमोर. जेरीला मात्र, निदान सुरुवातीस, प्रेक्षक नकोच आहेत.

कॉर्मिअर ह्यांचे इतिहासभान ज्या प्रसंगात सर्वांत स्पष्ट दिसते तो प्रसंग चॉकलेटच्या विक्रीआधीचा आहे. लिऑन एका हुशार, गरीब स्वभावाच्या मुलाला वर्गापुढे उभा करतात, त्याच्यावर कॉपी केल्याचा खोटा आळ घेतात आणि त्याला छळत राहतात. वर्ग पाहत राहतो. काही जण हसतातही. शेवटी मागून कोणीतरी दबक्या आवाजात त्याला सोडा असे म्हणतो. त्यासरशी लिऑन वर्गावर उलटतात: हा मुलगा निर्दोष होता, आणि तुम्ही मला हे करू दिलेत, काही क्षण ही खोली नाझी जर्मनी झाली होती. बोलणे खरे, आणि बोलणारा स्वतः छळवादी. सत्याचा असा वापर होऊ शकतो हे चौदा-पंधरा वर्षांच्या वाचकाला कोणी ह्याआधी सांगितले नव्हते. एस. ई. हिंटन ह्यांची ‘द आउटसायडर्स’ १९६७ साली आली तेव्हापासून अमेरिकेत कुमारांसाठी गंभीर कादंबऱ्या लिहिण्याची वाट पडली होती खरी. परंतु सत्तेचे हे तंत्र इतक्या उघडपणे मांडणारे पुस्तक त्या वाटेवर नव्हते. कॉर्मिअर ह्यांनी ते कुमारांसाठी म्हणून लिहिलेलेही नव्हते. ते कोणत्या वाचकांचे आहे हे त्यांच्या साहित्य-प्रतिनिधी बाईंनी त्यांना सांगितले.

पुढची कथा थोडक्यात सांगतो. जेरीच्या नकाराचे आधी कौतुक होते, विक्री मंदावते, लिऑन हबकतात आणि आर्चीवर दडपण आणतात. मग व्हिजिल्स चॉकलेट विकणे ही अभिमानाची बाब बनवून टाकतात. खोकी संपतात. ज्यांनी विकली नाहीत त्यांच्या नावावरही पन्नास लागतात. जेरीचा एकच मित्र, धावण्यात पटाईत असलेला गूबर. त्याने मित्राला साथ म्हणून सत्तावीस खोक्यांनंतर विकणे थांबविलेले असते. फलकावर त्याच्या नावापुढे पन्नासचा आकडा लागतो आणि सभागृहात टाळ्या पडतात. त्याचा विरोध मोडून काढण्याची गरजच पडत नाही. तो हिशेबात मिटवून टाकला जातो. कादंबरीतली ही जागा आम्हांला मारहाणीपेक्षाही भयंकर वाटते. मारलेल्या मुलाला निदान आपण मार खाल्ला हे ठाऊक असते.

शेवटी आर्ची मैदानावर मुष्टियुद्धाचा एक डाव रचतो: एका बाजूला जेरी, दुसऱ्या बाजूला एमिल जांझा नावाचा दांडगट. मुलांनी सोडतीची तिकिटे घ्यावयाची आणि कोणी कोणाला कोठे ठोसा मारावा हे त्यांवर लिहावयाचे. ह्यानेच शेवटची पन्नास खोकी विकली जातात. जेरी हे आव्हान स्वीकारतो, आणि आमच्या मते त्याचा पराभव त्याच घटकेला होतो, जबर मार खाऊन तो कोसळतो तेव्हा नव्हे. इतके दिवस त्याने खेळण्यासच नकार दिला होता. आता तो त्यांच्या मैदानात, त्यांच्या नियमांनी, त्यांच्या प्रेक्षकांसमोर उभा आहे. त्याचा एक ठोसा अचूक बसतो, आणि त्या क्षणी त्याला जाणवते की आपणही त्यांच्यासारखेच एक जनावर झालो. निग्रहाचा हेका होतो तो येथे. ब्रदर जॅक दिवे बंद करून ते थांबवितात; लिऑन दुरून सारे पाहत असतात. शुद्धीवर असलेला-नसलेला जेरी गूबरला सांगू पाहतो की त्या चित्रावरच्या ओळीचे ऐकू नकोस, ते सांगतील ते कर. आर्चीला काहीच शिक्षा होत नाही.

हा शेवट बदला, असे अनेक प्रकाशकांनी कॉर्मिअर ह्यांना सुचविले. मुलांच्या पुस्तकात आशेचा किरण हवा, असे त्यांचे म्हणणे. कॉर्मिअर तयार झाले नाहीत, आणि हस्तलिखित एका दारातून दुसऱ्या दारात फिरत राहिले. पँथिऑनने ते जसेच्या तसे स्वीकारले. पुढे शाळांमधून आणि ग्रंथालयांतून ते काढून टाकावे ह्यासाठी इतक्या तक्रारी झाल्या की, अमेरिकन ग्रंथालय संघटनेने अशा पुस्तकांच्या ज्या याद्या केल्या त्यांत १९९०–९९ च्या दशकात त्याचा क्रमांक चौथा आणि त्यानंतरच्या दशकात तिसरा होता. त्याच संघटनेच्या कुमार-साहित्य विभागाने १९९१ साली कॉर्मिअर ह्यांना मार्गारेट एडवर्ड्स पुरस्कार देऊन गौरविले, हेही लक्षात ठेवण्याजोगे. १९८८ साली चित्रपट निघाला, त्यात शेवट बदलला गेला: आर्चीच्या हाती काळी गोटी येते, त्यालाच जेरीपुढे उभे राहावे लागते आणि जेरी जिंकतो. दिग्दर्शकाने त्या विजयालाही कडू चव ठेवली आहे, तरी प्रकाशकांना हवे होते त्याच्या जवळ जाणारे असे काही पडद्यावर तेव्हा आले.

तक्रारदारांचे म्हणणे सर्वस्वी खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. भाषा जागोजाग राकट आहे, पौगंडावस्थेतील विचार झाकून ठेवलेले नाहीत. नववीच्या खालच्या मुलाच्या हाती, आणि समजावून सांगणारा कोणी जवळ नसताना, आम्ही हे पुस्तक देणार नाही. आमची खरी तक्रार वेगळी आहे. कॅथलिक शाळेच्या ह्या कथेत धर्म आहे तो झगे, घंटा आणि हजेरीपट ह्यांच्या रूपाने. आई गमावलेल्या जेरीला दोन शब्द विचारणारा एकही धर्मगुरू लेखकाला सुचू नये, ह्याचे वाईट वाटते. ब्रदर जॅक भले आहेत, पण त्यांचे भलेपण दिव्याच्या बटणापाशी संपते. कॉर्मिअर ह्यांनी हे जाणूनबुजून केले असणार. ते स्वतः मुलांना इतके दुर्मीळ नव्हते; १९७७ च्या ‘आय ॲम द चीज’ ह्या कादंबरीत त्यांनी एका पात्राचा म्हणून आपल्या घरचाच दूरध्वनी क्रमांक छापला, आणि वर्षानुवर्षे अनोळखी मुलांचे फोन घेतले. लिओमिन्स्टर त्यांनी कधी सोडले नाही. २ नोव्हेंबर २००० रोजी, सर्व मृत भाविकांच्या स्मरणदिनी, त्यांचे निधन झाले.

त्याआधी, १९८५ साली, ते ट्रिनिटी शाळेकडे पुन्हा वळले होते. ‘बियाँड द चॉकलेट वॉर’ ह्या उत्तरकथेत जेरी क्विबेकमध्ये नातलगांकडे राहून, बरा होऊन परतला आहे. म्हणजे लेखकाचे पूर्वज ज्या भूमीतून आले, तेथेच त्याने ह्या मुलाला विश्रांतीसाठी पाठविले. तेथल्या एका चर्चमध्ये त्याला शांतता सापडलेली असते. ही कादंबरी पहिलीइतकी बांधीव नाही, आणि तिची चर्चाही फारशी होत नाही. परंतु तीत जेरी आणि एमिल जांझा पुन्हा समोरासमोर येतात. ह्या वेळी सोडत नाही, तिकिटे नाहीत, टाळ्या वाजविणारे कोणी नाही. जांझा मारतो. जेरी पळत नाही, आणि हातही उचलत नाही. जांझा मारत राहतो, आणि शेवटी तोच गोंधळून थांबतो.